दक्षिणेकडे पाय

मला पाण्याची भीती वाटते, हे मी योगेशला लग्नाआधीच सांगितलं होतं. चोरून वगैरे नाही, साखरपुड्यानंतर बागेत भेळ खाताना, चांगलं स्पष्ट. तो म्हणाला, "पुण्यात कुठे आलंय पाणी?" मला ते पटलं. आमच्या भागात नळालासुद्धा जेमतेम यायचं. आणि या माणसाने लग्नाच्या सातव्या वर्षी नाव विकत घेतली.

नाव म्हणजे जहाज नव्हे. फायबरची, जुनी, पुढच्या अर्ध्या भागात एक बुटकी खोली, मागे बसायची दोन बाकं आणि मधे डोलकाठी. योगेशला कंपनीने हॉलंडला पाठवलं होतं, ऑनसाइट. बाकीचे लोक ऑनसाइटहून चॉकलेटं आणि परफ्यूम आणतात. आमचे साहेब शिडाच्या नावांचं वेड घेऊन आले. हिंजवडीत दिवसभर कुठल्यातरी परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचं आणि घरी आल्यावर नेटवर जुन्या नावा बघत बसायचं. शेवटी मुंबईत कोणीतरी काढून टाकलेली ही मिळाली आणि ट्रकमधून खडकवासला धरणाच्या मागच्या पाण्यावर येऊन पडली, बजरंगच्या शेताकाठी. बजरंग म्हणजे आमचा दूधवाला. त्याची जमीन पाण्याला लागून आहे. योगेशने विचारलं तर म्हणाला, "बांधा की दादा. पाणी काय माझ्या बापाचं हाय?"

आमच्या घरात आम्ही चार माणसं. मी, योगेश, चार वर्षांची अपेक्षा, म्हणजे अपू, आणि योगेशचे वडील. त्यांचं नाव उत्तरेश्वर, आम्ही अण्णा म्हणतो. बार्शीचे. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे वडगावला राहायला आले. मी आणि योगेश दोघंही सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जाणार, त्यामुळे घर, दूध, गॅसवाला आणि मुख्य म्हणजे अपू, सगळं अण्णांच्या हाती. माझं आणि त्यांचं फार गोडीगुलाबीचं नव्हतं. ते बोलायचे कमी आणि जे बोलायचे ते तिकीट फाडल्यासारखं. मी पुण्याची, मीही काही कमी नाही.

पुण्यात येऊन अण्णांनी पुण्याची एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे दुपारची झोप. एकदा जेवून आडवे झाले की चार वाजेपर्यंत त्यांना कोणी उठवायचं नाही. घराला आग लागली तर आधी चहा टाकायचा आणि मग उठवायचं, असं मी मैत्रिणींना सांगायचे. अपू त्यांच्या पोटाला चिकटून झोपायची. दुसऱ्या कोणाजवळ ती दुपारी झोपायचीच नाही.

तर रविवारी आम्ही नावेवर जायला लागलो, आणि या दोघांच्या झोपेचा प्रश्न आला. खोलीत झोपायची जागा होती, पण ती कोणा दुष्ट माणसाने बनवली होती. दाराकडे रुंद आणि नाकाकडे निमुळती होत गेलेली. दोन्ही बाजूंना दोन फळ्या आणि मधे मोकळी चीर. पहिल्याच रविवारी अण्णांचा पाय त्या चिरेत गेला. ते बाहेर येऊन म्हणाले, "माणसाला झोपायला केलीय का मांजराला?"

मग योगेशने ती जागा नीट करायचं मनावर घेतलं. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. मधल्या चिरेत बसेल अशी प्लायवुडची फळी कापली, एरवी काढता येईल आणि दुपारी घालता येईल अशी. गादीवाल्याकडे वर्तमानपत्राचा आकार कापून नेला, कारण "पुढे निमुळती" म्हटलं की तो माझ्याकडे नुसता बघायचा. फोमच्या खाली काथ्याची पायपुसणी अंथरली, म्हणजे ओल धरणार नाही. भिंतीतून बोल्टची टोकं आली होती, ती पाठीला टोचायची. तिथे लावायला मी जिमच्या जुन्या चटया कापून दिल्या, योगेशने त्या चिकटवल्या. छताला गोल भोक पाडून वारा यायला जाळी बसवली. मच्छरदाणीला वेल्क्रो शिवला. अण्णांच्या चष्म्याला आणि अपूच्या बाहुलीला भिंतीवर दोन खिसे केले. त्यानंतर त्या खुराड्यात शिरून अण्णा आडवे झाले, छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हां." अण्णांकडून "हां" मिळणं म्हणजे काय असतं ते आमच्या घरात विचारा.

हे सगळं मी काठावर बसून करायचे बरं का. नावेत एकदाच गेले होते. पाय ठेवल्याबरोबर ती खालून सरकली आणि मी दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारली. नंतर नाही गेले. योगेश ट्रकच्या ट्यूबवर फळी टाकून आधी अण्णांना आणि मग अपूला नावेत पोचवायचा, आणि अपू त्या फळीवर असेपर्यंत मी श्वास घेत नसे. ती आत जाऊन झोपली तरी माझं लक्ष नावेवरच. अण्णांना पोहता येत नाही. बार्शीच्या माणसाने पाणी बघितलं ते विहिरीत, तेही तळाशी.

पुढच्या रविवारी अण्णा झोपेतून मधेच उठून बाहेर आले. उघडेबंब, चष्मा वाकडा. काठावर आम्हाला वाटलं काय झालं!

"योग्या!" ते ओरडले. "त्यो सिंहगड कुठल्या दिशेला?"

"दक्षिणेला, अण्णा. का?"

"मग माझे पाय सिंहगडाकडं कसे?"

झालं असं होतं, की नावेचं नाक दोराने पुढे पाण्यातल्या नांगराला बांधलेलं होतं आणि मागची बाजू मोकळी. दुपारी सिंहगडाच्या अंगाने वारा सुटला, नाव फिरली, आणि झोपलेल्यांचे पाय थेट दक्षिणेला गेले. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आमच्याकडे मेलेल्या माणसाला तसं निजवतात.

मी म्हटलं, "अण्णा, उशाला होकायंत्र देऊ का?"

"दे," ते म्हणाले. थट्टा कळली नाही असं नाही, पण चेहरा उतरला होता. "माझं ऱ्हाऊ दे. म्हाताऱ्याचं काय. पण लेकराचे पाय यमाकडं? तुमास्नी कळतंय का काय करायलाव ते?"

योगेशने समजावलं. "अण्णा, नाव वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. तिला फिरता आलं पाहिजे, नाहीतर वारा बाजूने, कुशीत लागतो आणि ती कलते."

"मग मी न्हाई झोपत. आन पोरगीबी न्हाई."

यावर बजरंगने तोडगा काढला. तो बांधावर गवत कापत सगळं ऐकत होता. "दादा, दोन्हीकडनं बांधा की. लाथाड म्हशीला आमी पुढनंमागनं दावं लावतो. हालतीय कशाला?"

वडिलांशी वाद घालण्यापेक्षा नाव बांधणं सोपं, असं योगेशला वाटलं असणार. पुढचा दोर नांगराला तसाच ठेवला, उत्तरेकडे, खोल पाण्यात. मागच्या टोकाला नायलॉनचा नवा दोर बांधून तो काठावरच्या बाभळीला आणून ताठ आवळला. आता डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, कायमचे. अण्णा खूश. आणि मी तर सगळ्यात खूश. नाव हलायचीच बंद झाली ना! ओट्यासारखी स्थिर उभी, आणि माझ्या पोरीपासून माझ्यापर्यंत एक जाडजूड दोर. मी येताजाता त्याला हात लावून बघायचे. घट्ट लागला की बरं वाटायचं.

वैशाखातला तो रविवार. उकाडा इतका की बोलायचा कंटाळा. अपूने सकाळपासून किरकिर लावली होती. जेवली नाही, रडली, परत रडली. शेवटी योगेशने दोघांना नावेत पोचवलं आणि बऱ्याच वेळाने आतला आवाज थांबला. योगेश म्हणाला, "झोपली बाई," आणि प्यायचं पाणी आणायला बजरंगच्या घराकडे चढून गेला.

मी बाभळीखाली चादर टाकून पडले होते. धरणाच्या भिंतीकडे, म्हणजे पूर्वेला, आभाळ काळं व्हायला लागलेलं मला दिसलं. हाक मारावी असं वाटलं. पण नुकत्या झोपलेल्या पोराला उठवायचं, तेही अण्णांच्या शेजारून, आणि ढग तर रोज दुपारी येत होते आणि रोज जात होते. योगेश आला की बघू, म्हटलं.

वारा आला तो सांगून आला नाही. अंगाखालची चादर उडून बाभळीत अडकली आणि डोळ्यांत माती गेली. डोळे चोळून बघते तर पाणी काळं झालेलं. धरणाच्या भिंतीपासून लांबच लांब पाणी, त्यावरून लाटा निघाल्या होत्या आणि सगळ्या नावेच्या कुशीवर येऊन आदळत होत्या. नाव पलीकडच्या अंगावर कलली. मला वाटलं आता परत सरळ होईल. ती झालीच नाही. पुढून नांगर ओढतोय, मागून बाभूळ ओढतेय, आणि मधे ती तशीच आडवी धरून ठेवलेली. पलीकडची कड पाण्याला टेकली. दुसऱ्या लाटेला पाणी आत गेलं.

"अण्णा! अहो अण्णा! अपू!"

माझा आवाज माझ्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. खोलीचं दार उघडलं. अण्णांचं डोकं दिसलं, मग एका हातावर अपू. तिचा गुलाबी फ्रॉक मला स्पष्ट दिसला. लगेच एक लाट वरून गेली आणि दोघंही दिसेनासे झाले. अरे देवा, माझी पोर. माझी पोर आत आहे.

योगेश उतारावरून धावत आला. हातातला हंडा कुठे फेकला कोण जाणे. लाइफ जॅकेट एकच होतं आणि ते गाडीच्या डिकीत. त्याने ट्यूब पाण्यात ढकलली आणि स्वतःला तिच्यावर फेकलं. त्याच्या मागोमाग बजरंग आला, गवत कापता कापता तसाच उठून, हातात विळा. विळा टाकून त्याने बाभळीचा दोर धरला.

"वहिनी, धरा! वढा! काठाला आणू!"

मी धरला. आम्ही दोघांनी जीव खाऊन ओढला. दोर इतका ताणला होता की कण्हल्यासारखा वाजत होता. आणि आम्ही ओढलं तशी नाव आणखी आडवी झाली. आता तिचं पोट दिसायला लागलं, हिरवं, शेवाळलेलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं.

पाण्यातून योगेश ओरडत होता. लाटेच्या खाली जायचा, वर यायचा आणि ओरडायचा. "सोड! दोर सोड! प्रिया, काप तो!"

"न्हाई वहिनी!" बजरंग माझ्या कानात ओरडला. "सोडला तर गेली! येवढा एकच हाय धरायला!"

बजरंगचं मला पटत होतं. अगदी मनापासून पटत होतं. माझ्या हातात जे होतं त्याच्या दुसऱ्या टोकाला माझी मुलगी होती. हा दोर कापायचा म्हणजे तिला माझ्या हाताने त्या काळ्या पाण्यात सोडून द्यायचं. कुठली आई करेल? आणि योगेशला तरी काय कळतं, हॉलंडमध्ये दीड वर्ष नावेत बसला म्हणून? त्यानेच तर आवळला होता हा दोर! मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला, की मी मोठ्याने शिवी दिली. आणि मग योगेश पुन्हा वर आला आणि या वेळी त्याने "काप" म्हटलं नाही. तो नुसतं "प्रिया, प्रिया" म्हणत होता. रडत होता.

मी विळा उचलला. बाभळीची गाठ सुटणारी नव्हतीच. दोरावर घाव घातला, तो निसटला. दुसरा घातला. बजरंग माझा हात धरायला आला, त्याला मी कोपराने ढकललं. मग करवतीसारखा घासायला लागले. मी घासत होते आणि "नको, नको, नको" असं म्हणत होते. एकेक पीळ तुटत गेला. शेवटचा आपोआप तुटला आणि दोराचं टोक माझ्या गालावर फटका मारून पाण्यात गेलं.

नाव गेली. मागचं टोक काठापासून झपाट्याने लांब गेलं, अख्खी नाव गरकन फिरली, आणि त्याच वेळी पाऊस कोसळला. गारांचा. समोर पांढरं झालं. मग नाव नाही, योगेश नाही, पाणी कुठे आणि आभाळ कुठे तेही नाही.

बजरंग मटकन खाली बसला. "काय केलंत वहिनी हे," तो म्हणाला. "काय केलंत."

मी पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही, ते त्या वेळी आठवलं नाही. छातीपर्यंत गेले आणि पायाखाली चिखल सरकला. बजरंगने मागून येऊन माझी ओढणी आणि केस जे हाताला लागलं ते धरून ठेवलं. गारा डोक्यावर बसत होत्या. मी अपूला हाका मारत होते. मधेच मनात यायचं, आता ती कुठे असेल, पाणी थंड असेल, तिला अंधाराची भीती वाटते. मी सोडलं तिला. तिला कोणी विचारलं तर सांगायचं, आईने सोडलं. असं काहीबाही डोक्यात येत होतं आणि थांबतच नव्हतं. किती वेळ गेला मला माहीत नाही. खूप गेला.

मग गारा थांबल्या. पाऊस जरा विरळ झाला. आधी बजरंगला दिसलं. त्याने माझं डोकं धरून त्या बाजूला वळवलं.

नाव होती. पुढच्या दोराला धरून, वाऱ्याकडे तोंड करून, सरळ. लाट यायची, नाक वर जायचं, लाट खालून निघून जायची. आत पाणी भरल्यामुळे खूप खाली बसली होती, पण सरळ होती. कडेला योगेश लोंबकळत होता. एक पाय वर टाकायचा, पडायचा, परत टाकायचा. आणि मधोमध, डोलकाठीजवळ, गुलाबी काहीतरी. ते हलत होतं. तोंड उघडून रडत होतं. तिचं रडणं ऐकू आलं तेव्हा मला माझं रडणं आवरेना.

वारा पडल्यावर योगेशने नांगराचा दोर सोडला आणि वल्हं मारत नाव काठाला आणली. ती टेकायच्या आधीच मी धडपडत चढले. भीती वाटली की नाही ते सांगता येणार नाही, चढले एवढं खरं. अपू डोलकाठीला बांधलेली होती. पाठ काठीला, काखेतून दोन वेढे, पुढे छातीवर गाठ. अण्णांचा पंचा होता तो. ओला होऊन गाठ दगडासारखी झाली होती. एसटीच्या टपावर बोजे आवळलेल्या माणसाची गाठ, ती काय सुटते? अपू हातपाय झाडत होती, "आई, घे ना," म्हणत होती, आणि मला तिला उचलताच येईना.

अण्णा तिच्या समोर पाण्यात बसले होते. उघडे. काठीला अपूसकट दोन्ही हातांनी कव घालून बसले होते, आणि नाव काठाला लागली तरी हात सोडले नव्हते. योगेशने एकेक बोट सोडवलं. दंडाची कातडी सोलून निघाली होती. अंगावर पंचा नाही, दोर नाही, काही नाही. एक मोठी लाट आली असती तर हा माणूस गेला होता.

मला जे तोंडात आलं ते मी बोलले. भीतीने माणूस काय वाटेल ते बोलतं. "अहो अण्णा, पोरीला लाकडाला कसली बांधता? स्वतःच्या पोटाशी बांधायची! दोघं एकत्र राहिला असतात, तिला धीर आला असता! काही कळतं की नाही तुम्हाला?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ओठ निळे पडले होते.

"नाव तरंगती, प्रिया," ते म्हणाले. "मी तरंगत न्हाई. माझ्या पोटाला बांधली असती तर माझ्यासंगं गेली असती."

मी त्यांचे हात माझ्या दोन्ही हातांत धरले आणि अपूच्या छातीवरची गाठ दातांनी सोडवायला लागले.